दवाखान्याच्या दारातला सप्ताह

पुनमला त्या दिवशी चिंचवडला वेळेवर पोचताच आलं नाही. चाकणच्या तळेगाव चौकात नव्याकोऱ्या मोटारी वाहून नेणारा एक लांबलचक कंटेनर वळताना आडवा झाला, त्याच्यामागं अख्खा नाशिक रस्ता तुंबला, आणि त्या तुंबलेल्या रस्त्यावर एका रिक्षात पुनम आणि तिची सासू कुशाबाई धूर खात बसून राहिल्या. पुनमचं वय अजून तिशीच्या आत, पण दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशिनवर शुद्ध करून घ्यावं लागे. चिंचवडला एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात तिची वेळ ठरलेली होती आणि वेळ चुकली की बेड दुसऱ्याला जाई. त्या पोचल्या तेव्हा तिच्या बेडवर आकुर्डीचा एक गृहस्थ निजला होता. त्याला उठवा म्हणायला कुशाबाईची जीभ रेटेना. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस असणार.

परतताना पुनमला धाप लागली. पाय सुजून चपलेत मावेनात. रिक्षा करंजवाडीच्या फाट्याला वळली आणि समोर सरकारी रुग्णालयाची तीन मजली इमारत आली, तसं कुशाबाईनं तिकडून तोंड फिरवलं. कारण त्या इमारतीत, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, डायलिसिसची मशिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुलपात ठेवली होती.

ही इमारत करंजवाडीच्या गायरानावर उभी होती. गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरली ती जमीन, आणि गावानं ग्रामसभेत हात वर करून ती सरकारला देऊन टाकली. आजूबाजूला कंपन्यांनी एकेक गुंठ्याला सोन्याचा भाव आणला होता, तेव्हाची ही गोष्ट. पुढं एका कंपनीनं आपल्या समाजसेवेच्या खात्यातून मशिनं आणून दिली. मशिनं आल्याच्या दिवशी गावानं काय सोहळा केला म्हणून सांगू. फेटे, शाली, नारळ, चौकात दोन मजली फ्लेक्स. आमच्या लोकांना सत्काराची भारी हौस. कामाआधीच सत्कार उरकून टाकतात आणि मग काम राहिलं तरी विचारायची लाज वाटते. मशिन चालवायला माणूस लागतो, त्या माणसाचं पद सरकारनं मंजूर करावं लागतं, आणि ते पद मंजूर झालेलंच नाही, हे गावाला फेटे सोडल्यावर कळलं.

कुशाबाई आधी रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर सुमेधा मॅडमकडे गेली. मॅडम चिंचवडहून रोज येत, त्यामुळं रस्त्याचं दुखणं त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सरळ सांगितलं की, मी वर लिहून लिहून थकले. वरून उत्तर येतं की प्रस्ताव विचाराधीन आहे. त्या भिजत घोंगड्याला आता शेवाळ धरलं होतं.

मग कुशाबाई वरच गेली, म्हणजे पुण्याला, आरोग्य खात्याचे उपसंचालक गुरुदत्त नेवसे यांच्या कार्यालयात. सोबत मुलगा रविराज होता. त्यानं कंपनीत सुट्टी मागितली, सुपरवायझर कुरकुरला, तरी तो आला. मायलेक बाकड्यावर बसले. साहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपली तेव्हा साहेब जेवायला गेले. जेवून आले आणि पुन्हा मीटिंगमध्ये गेले. शेवटी संध्याकाळी बॅग घेऊन बाहेर पडताना ते दोघांसमोर क्षणभर थांबले. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही. जिना उतरता उतरता म्हणाले, "आजी, सरकार तरी काय काय करणार? तुमच्याकडं एवढ्या कंपन्या आहेत. मशिनं त्यांनी दिली, माणूसही तेच देतील. त्यांच्या मागं लागा."

बसमध्ये कुशाबाई भोसरीपर्यंत खिडकीतून कंपन्यांची फाटकं बघत राहिली. मोशी मागं पडल्यावर तिनं रविराजला विचारलं, "गायरान आपन कंपनीला दिलं हुतं का रं?"

"न्हाई."

"मंग?" ती म्हणाली. एवढं बोलून तिनं पदर खोचला. रविराज आईला ओळखून होता. पदर खोचला म्हणजे आता कुणाची तरी खैर नव्हती.

पहिल्यांदा त्यांनी रीतसर धरणं धरायचं ठरवलं. पोलिसांकडे अर्ज दिला. औद्योगिक पट्टा आहे, रस्ता वर्दळीचा आहे, कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, असं म्हणून अर्ज नामंजूर झाला. गावात पारावर चर्चा बसली. कुणी म्हणालं आमदाराकडं जाऊ, कुणी म्हणालं त्याच कंपनीकडं जाऊ. कुशाबाईचा थोरला दीर दादू भिंतीला टेकून सगळं ऐकत होता. दादू करंजवाडीच्या भजनी मंडळाचा प्रमुख, आयुष्यभर टाळ कुटून तळहात चपटे झालेला म्हातारा. फार बोलायची त्याला सवय नव्हती.

"धरन्याला परवानगी लागती," तो म्हणाला. "सप्त्याला कोन परवानगी मागतंय?"

पारावरच्या सगळ्यांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. मग एकेकाच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं.

करंजवाडीत दर चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसे. सात दिवस अखंड नामस्मरण, रोज कीर्तन, गावजेवण. त्याचा मुख्य नेम म्हणजे वीणा. गळ्यात वीणा अडकवून एक माणूस देवापुढं उभा राहतो, नाम घेत राहतो, आणि त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. पहाऱ्यावरच्या माणसानं नामाशिवाय दुसरं अक्षर बोलायचं नसतं. समोरच्यानं पाया पडून वीणा पुढं केली तर नाही म्हणायचं नसतं. आणि बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नसते, मग घरी म्हैस विणार असली तरी. यंदा चैत्राला अजून अवकाश होता, शेतात कांद्याच्या लागणी चालू होत्या, आणि सप्ताह देवळात न बसता दवाखान्याच्या दारात बसणार होता. अवेळी सप्ताह कसा, असं दोन म्हाताऱ्यांनी काढून पाहिलं. दादूनं त्यांना विचारलं, दुखणं काय चैत्र बघून येतं का?

असा करंजवाडीचा सप्ताह सरकारी रुग्णालयाच्या पोर्चमध्ये बसला. मंडप बाहेर मैदानात घातला, कीर्तनं तिकडं, स्पीकर नाही, कारण आत आजारी माणसं होती. पोर्चमध्ये फक्त चौरंगावर देवाची तसबीर आणि तिच्यापुढं वीणेकरी. आणि तसबिरीच्या बरोबर मागं काचेचं दार, दाराला कुलूप आणि दारावर पाटी, डायलिसिस विभाग. आल्यागेल्यानं देवाला हात जोडले की ते त्या कुलपालाही जोडले जात. सुमेधा मॅडम सकाळी आल्या, त्यांनी चपला काढल्या, वीणेकऱ्याच्या पाया पडल्या आणि रखवालदाराला म्हणाल्या की मी राउंडवर आहे, मला यातलं काही माहीत नाही. दुपारी त्यांनी पोर्चमधला बंद पडलेला पंखा मात्र दुरुस्त करून घेतला.

बायकांनी वीणा घ्यायची की नाही यावर थोडं झालं. आजवर करंजवाडीत बाप्यांनीच घेतली होती. कुशाबाई म्हणाली की बाप्ये कंपनीत जाणार, कांदा लावायला जाणार, मग दुपारचं देवापुढं कोण, खुंटी? तिनं स्वतः वीणा गळ्यात घातली आणि वाद तिथंच संपला. त्यातून मग पहाऱ्यांची मोठी सुंदर घडी बसली. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची पोरं युनिफॉर्मवरच यायची आणि वीणा घ्यायची. रविराज रोज नवीन माणूस गाठून आणायचा. मराठवाड्यातली पोरं, कोकणातली पोरं, खोल्या करून राहणारी. त्यांच्या आयांची आजारपणं गावाकडं पडलेली. भावा, उभं राहायचंय फक्त, असं म्हणून रविराज त्यांना आणी, आणि वीणा गळ्यात पडली की ती पोरं रडवेली होत. शिफ्टमध्ये काम करायची सवय असलेल्या माणसांना पहारा काही शिकवावा लागत नाही.

पुनमनं पहिल्याच दिवशी पहारा मागितला. कुशाबाईनं नको म्हटलं. तुला उभं राहवत नाही, म्हणाली. पुनम म्हणाली, "आत्या, माज्यासाठी चाललंय आनि मीच बसून बघू का?" ती उभी राहिली. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर, त्याच हाताचा आधार वीणेला. तिच्या मागं दोन बायका तिला धरायला उभ्या होत्या, पण धरायची वेळ आली नाही. कुशाबाईचा ऊर भरून आला. सून करून आणली तेव्हा ही पोरगी डोईवरच्या पदराआडून वर बघत सुद्धा नव्हती.

बातमी चाकणभर झाली, मग पिंपरीपर्यंत गेली. गर्दी वाढत चालली. पोलीस आले, पाया पडून प्रसाद घेऊन गेले. सप्ताह उठवायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि चौथ्या दिवशी नेवसे साहेब आले.

गाडीतून उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर ठरवून आणलेला राग होता. पण साहेब मूळचे नगरकडचे, त्यांच्याही गावात सप्ताह बसतो, त्यामुळं पोर्चच्या पायरीशी त्यांचे हात आपोआप बुटांच्या नाडीकडं गेले. वीणा तेव्हा पुनमच्या गळ्यात होती. साहेबांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. वीणेकऱ्याच्या पाया पडायचं असतं म्हणून ते वाकले आणि पुनमच्या सुजलेल्या पावलांवर त्यांनी डोकं टेकवलं. उठल्यावर त्यांनी विचारलं, "कुशाबाई कोण? मला त्यांच्याशी बोलायचंय."

कुशाबाई तेवढ्यात पुढं आली होती, पण साहेबांकडं नाही, पुनमकडं. पहारा बदलायची वेळ झाली होती. सासूनं सुनेचे पाय धरले, सुनेनं सासूचे, आणि वीणा कुशाबाईच्या गळ्यात गेली. आता तिला बोलता येत नव्हतं. वेळ खरोखरच झाली होती की साहेबांची गाडी बघून झाली होती, हे मी काही छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी दादूला विचारलं.

दादू म्हणाला की पहारा संपला की मोकळ्या होतील, बसा. त्यानं प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. साहेब बसले. फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. समोर कुशाबाई डोळे मिटून रामकृष्णहरी म्हणत एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होती. मंडळींनी साहेबांना चहा दिला. मग केळं दिलं. येणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडं बघून जात होता आणि विचारत होता की हे कुणाची वाट बघतायत. साहेबांची आणखी कुठली तरी मीटिंग होती ती बुडाली. शेवटी एक फाउंड्रीतला पोरगा आला आणि त्यानं वीणा घेतली, तेव्हा कुशाबाई पदरानं तोंड पुसत साहेबांपुढं बसली.

साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. इतका वेळ खुर्चीत बसून त्यांनी डाव मांडून ठेवला होता. ते मऊ आवाजात म्हणाले, "आजी, तुमच्या सुनेची सोय मी स्वतः करून देतो. पुनावळ्याच्या बाजूला मोठं धर्मादाय रुग्णालय आहे. तिथं गरिबांसाठी राखीव बेड असतात. उद्यापासून ॲम्ब्युलन्स तुमच्या दारात येईल. एक पैसा लागणार नाही."

खंडू तिथंच उभा होता. खंडू टेम्पो चालवायचा, त्याच्याही किडन्या गेलेल्या, आणि तोही पुनमसारखाच चिंचवडच्या वाऱ्या करायचा. त्याची नजर कुशाबाईवर होती.

"द्या," कुशाबाई म्हणाली.

साहेबांना वाटलं होतं की ती नाही म्हणेल, मग आपण समजावू, मग ती रडेल. द्या ऐकून ते जरा अडखळले. मग खूश झाले. "छान. मग आता हे आटोपतं घ्या."

"ह्ये म्हंजी काय?"

"हा सप्ताह."

"त्येचा नि ह्येचा काय संबंध, सायेब?" कुशाबाई म्हणाली. "राखीव बेड गरिबाचा हाय म्हनता. मंग तो तिला आदीच मिळाया पायजे हुता. आजवर दिला न्हाई ही तुमची चूक झाली. चूक सुधारली म्हनून आमी वीणा खाली ठिवायची का?"

साहेब एवढंच म्हणाले की सरकारलाही मर्यादा असतात, निधी लागतो, पदं लागतात. कुशाबाई म्हणाली की मर्यादा आम्हालाही होती, एकच गायरान होतं, ते दिलं. साहेब गाडीत बसून गेले. बुटाची एक नाडी तशीच सुटी होती.

साहेबांना तिनं निरुत्तर केलं खरं, पण गावाच्या मनात किंतु शिरला. आपल्या सुनेचं साधलं, आता बाईचा जोर ओसरणार, असं दोघाचौघांनी बोलून दाखवलं. खंडू बोलला काहीच नाही. पण त्याचा संध्याकाळचा पहारा होता त्याला तो आला नाही, आणि हे कुशाबाईला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. घरी तिनं रविराजला विचारलं की मी चुकले का. रविराज म्हणाला की आई, तू नाही म्हणाली असतीस तर मी तुझ्याशी जन्मात बोललो नसतो. ते खरं होतं आणि त्यानं तिचं समाधान झालं नाही. आपल्या माणसाचा जीव वाचवायची संधी आली तर ती घ्यावी की नाही, असा प्रश्न माणसाला पडायची वेळच का यावी, या विचारानं तिचं डोकं तापलं. राग होता तो त्या प्रश्नावरच.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. पुनम गेली. ऊन कलतं झाल्यावर परत आली ती घरी गेली नाही. ॲम्ब्युलन्स तिनं रुग्णालयाच्या फाटकाशी थांबवली, हाताला पट्टी तशीच, चालत पोर्चमध्ये आली आणि पहाऱ्यावरच्या माणसाच्या पाया पडून वीणा मागून घेतली. रक्त नुकतंच धुऊन आल्यामुळं तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळ दिसत होता. ती उभी राहून नाम घेऊ लागली, आणि बघता बघता ही गोष्ट घरोघर पोचली. थोड्या वेळानं खंडू आला. पुनमपुढं वाकला आणि त्यानं गळा पुढं केला. कुशाबाई मंडपात भाकऱ्या थापत होती. तिनं ते पाहिलं आणि मान खाली घालून पुढची भाकरी थापली.

त्याच संध्याकाळी रुग्णालयात दोन माणसं आली आणि डायलिसिसला लागणारं पाणी शुद्ध करायचं यंत्र दुरुस्त करायला बसली. कुणी सांगितलं, कुणी पाठवलं, ते ताकास तूर लागू देईनात. दादू नुसता हसला. गाव करी ते राव ना करी, म्हणाला.

सातवा दिवस काल्याचा. काल्याचं कीर्तन व्हायचं, दहीहंडी फुटायची, आणि मग वीणा देवापुढं ठेवून सप्ताह संपायचा. सकाळीच नेवसे साहेबांच्या गाडीमागं आणखी तीन गाड्या आल्या. बरोबर वार्ताहर होते, फोटोवाले होते आणि पाठीला बॅग अडकवलेला एक सडपातळ तरुण होता. सुजित त्याचं नाव, डायलिसिसचा तंत्रज्ञ. कुलूप उघडलं. प्लास्टिक फाडल्याचा आवाज आला तेव्हा पोर्चमधल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सुमेधा मॅडमनी स्वतः उभं राहून पुनमला एका मशिनवर घेतलं आणि खंडूला दुसऱ्या. मशिन घरघरलं. नळीतून पुनमचं लालभडक रक्त गेलं आणि परत आलं. करंजवाडीच्या गायरानावर, करंजवाडीच्या माणसाचं.

शेवटचा पहारा कुशाबाईचा होता. वीणा गळ्यात घेऊन ती नाम घेत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेब शेजारी हात जोडून उभे होते, फोटो निघत होते. दादूनं देवापुढं पाट मांडला, त्यावर धान्य पसरलं. आता वीणा त्यावर ठेवायची एवढंच बाकी होतं.

आत पुनमनं सुजितला विचारलं होतं की दादा, तुम्ही कुठले. हे लोकांनी नंतर सांगितलं, पण नंतर कशाला, काचेचं दार उघडंच होतं आणि कुशाबाई दारातच होती, तिनं सगळं ऐकलं. सुजित म्हणाला की पलीकडच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात होतो, काल ऑर्डर आली, इथं जा.

"आनि तिथलं पेशंट?"

सुजित नळीशी उगाच चाळा करू लागला. पुनमनं पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला, "तिथं मी एकटाच होतो. तिथलं युनिट तूर्त बंद ठेवलंय."

कुशाबाईच्या तोंडातलं नाम थांबलं नाही, पण ते आता तिला ऐकू येत नव्हतं. तिला हवं ते मिळालं होतं. पुनमचं रक्त त्या नळीतून फिरत होतं. आता इथून पुढं एक अक्षर काढलं तर सुजित उद्या पुन्हा बॅग अडकवून निघून जाईल, मशिनवर पुन्हा प्लास्टिक चढेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. समोर पाट होता. दादू वाट बघत होता. पदरी पडलं ते पवित्र म्हणावं आणि मोकळं व्हावं. तिनं एक पाऊल पाटाकडं टाकलंही.

"आत्या," आतून पुनमनं हाक मारली. तिला उठता येत नव्हतं, हातात दोन सुया होत्या. "आज तिकडं बी कुनीतरी रिक्षात बसून माघारी गेलं आसंल."

कुशाबाई वळली. सासूला बोलता येत नव्हतं आणि सुनेनं आणखी काही बोलायची गरज नव्हती. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पुनमनं मान हलवली.

मग कुशाबाई नाम घेत घेत नेवसे साहेबांपुढं जाऊन उभी राहिली आणि वाकून तिनं त्यांच्या पायांना हात लावला.

साहेब दचकले. आईच्या वयाची बाई पाया पडतेय म्हटल्यावर तेही घाईघाईनं वाकले, आणि वाकलेला माणूस वर यायच्या आत कुशाबाईनं वीणा आपल्या गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातली. फोटोवाल्यांना वाटलं हा सत्कार आहे. त्यांनी भराभर फोटो काढले. गावाला मात्र काय झालं ते कळलं. नगरच्या गावात सप्ताहात वाढलेल्या साहेबांनाही कळलं. वीणा काढून ठेवावी तर हजार माणसं बघत होती, आणि हजार माणसं नसती तरी त्यांच्या हातून ती जमिनीला टेकली नसती. त्यांनी पाटाकडं पाहिलं. दादूनं वाकून तो पाट उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला.

"सप्ता संपला न्हाई," कुशाबाई मोकळ्या झालेल्या गळ्यानं म्हणाली. "सायबांचा पहारा लागलाय. चला, जेवाया बसा."

मैदानात पंगती बसल्या. बुंदी, भात, आमटी वाढली गेली. पुढच्या पहाऱ्याला कोण, असं कुणीच कुणाला विचारलं नाही. पोर्चमध्ये साहेब अनवाणी उभे होते. ते डोळ्यांनी आपल्या सहायकाला काहीतरी खुणावत होते, आणि तो बिचारा कधी पाणी पुढं करत होता, कधी फोन. बोलता येत नसल्यावर माणसाची किती अडचण होते, हे साहेबांना त्या दुपारी पुरतं उमगलं असावं. सुमेधा मॅडम सहायकापाशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की तंत्रज्ञाच्या पदाचा आमचा प्रस्ताव तुमच्याच कार्यालयात आहे, इथलाही आणि तिकडचाही, शोधायला सांगा.

बऱ्याच वेळानं तो सहायक पंगतीतून वाट काढत कुशाबाईकडं आला. "आजी, कुणाला तरी पाठवा ना पहारा बदलायला. साहेबांना एवढं उभं राहायची सवय नाही."

"पाठवती की," कुशाबाई वाढता वाढता म्हणाली. "सुजित तिकडं माघारी गेला आनि हितं दुसरा मानूस नेमला, आसा फोन येऊ द्या. मी सोता येऊन वीणा घेती."

तो फोन कानाला लावत पळाला. कुशाबाईनं हात धुतले आणि ती आत जाऊन पुनमच्या उशाशी बसली. मशिन चालू होतं. दाराबाहेरून वीणेची तार वाजत होती आणि तिच्याबरोबर एक आवाज, आधी दबका, मग हळूहळू मोकळा होत गेलेला.

पुनमचे डोळे मिटलेले होते. "कोन उभं हाय, आत्या?" तिनं विचारलं.

"सरकार," कुशाबाई म्हणाली.